टाकीला एक फेरी

किस्से काही कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते घरातल्या पिशव्यांसारखे असतात. एकीत एक कोंबून ठेवायच्या, आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या अंगावर येतात!

आमच्या मांडवगण फराट्यात पाण्याच्या टाकीखाली सिमेंटचं बाकडं आहे. तिथं आम्ही तिघं रोज सकाळी बसतो. मी शिरूर डेपोचा रिटायर कंडक्टर. गाव मला आबा म्हणतं. दुसरे रंगनाथआप्पा, ऊसवाले. पूर्वी एकदा ग्रामपंचायतीला निवडून आले होते आणि अजून त्याच आवाजात बोलतात. तिसरे बाबूभाई टेलर. अर्ध्या गावाच्या कमरेचं माप त्यांना पाठ आहे, पण ते कुणाचं कुणाला सांगत नाहीत.

अकरा महिने आम्ही गुडघ्यांवर बोलतो. मे महिन्यात नातवंडं येतात आणि मग किस्सेच किस्से. यंदाचे त्यातले थोडे सांगतो.

टाकीबद्दल एक माहिती आधीच देऊन ठेवतो. पंचायतीचा शिपाई मोटार चालू करतो आणि चहाला जातो. टाकी भरली की ओव्हरफ्लोच्या पाइपातून धो धो पाणी पडतं, ते बाकड्याच्या बरोबर उजव्या टोकावर. तिथं गावातलं कोणी बसत नाही. पाहुणे बसतात.

* * *

आप्पांच्या नातवाचं नाव रेयांश. मुलगा-सून बंगलोरला असतात, नाव त्यांनी इंटरनेटवर शोधून ठेवलं. आप्पांच्या जिभेला ते काही वळेना. बारशापासून ते त्याला ‘रेशन’ म्हणतात.

यंदा मुलाची गाडी दारात थांबली आणि आप्पा निवडणुकीच्या आवाजात ओरडले, “आगं ये, भाईर ये! रेशन आलं, रेशन!”

दहा मिनिटांत गल्लीतल्या चार बाया पिशव्या आणि कार्डं घेऊन रेशन दुकानाच्या बंद शटरपुढं उभ्या! त्यातली एक तावातावानं आप्पांच्या दारात आली. “आप्पा, गहू आलाय का नुसता तांदूळ?”

आप्पांनी नातवाला नीट न्याहाळलं.

“गव्हाळच दिसतोय की!”

* * *

माझी नात इरा. सात वर्षांची, पुण्यात इंग्रजी शाळेत जाते. गेल्या दिवाळीत तीन आठवडे आमच्याकडं राहून गेली. नंतर शाळेत मराठीच्या बाईंनी चित्र दाखवून विचारलं, “हे काय आहे?”

इरा उभी राहून ठणकावून म्हणाली, “वांगं हाय!”

सगळा वर्ग हसला. पोरगी घरी येऊन रडली. उत्तर बरोबर होतं, हे मात्र तिला कोणी सांगितलं नाही!

माझी सून शीतल पुण्यात बँकेत आहे. मे महिन्यात इराला सोडायला आली, तेव्हा चहा पिता पिता शांतपणे म्हणाली, “आबा, तिच्यासमोर सगळे जरा नीट बोलाल का? परत तसंच झालं तर दिवाळीत मी तिला कॅम्पला घालेन. वाईट वाटून घेऊ नका.”

मी म्हणालो, “न्हाई न्हाई, वाईट कशाचं!”

शीतलनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

वाईट वाटलंच. नोकरीभर ‘पुढं सरका’ म्हणत आलो, कोणाला कळलं नाही असं कधी झालं नाही. पण दिवाळीला इरा येणार नाही म्हटल्यावर मी जिभेला लगाम घालायचं ठरवलं.

* * *

दुसऱ्या दिवशी टाकीखाली बैठक भरली. बाबूभाई हताश झाले. “हाय म्हणायचं न्हाई, न्हाई म्हणायचं न्हाई. मंग बोलायचं काय?”

इरानं वहीत यादी केली. हाय, न्हाई, व्हय, तवा, जवा, कवा. यातला शब्द जो बोलेल त्यानं टाकीला एक फेरी मारायची. फेरी म्हणजे कुंपणाच्या कडेनं, मोटारीच्या खोलीमागून, चांगली शंभर पावलं. मी माझा जुना पंच काढून दिला. तिकिटाच्या मशिनी यायच्या आधी आम्ही त्यानं तिकिटाला भोक पाडायचो. टक्! जुन्या लग्नपत्रिका कापून इरानं प्रत्येकाचं कार्ड केलं. एक चूक, एक भोक, एक फेरी.

पहिल्या दिवशी पाऊण तास कोणी तोंडच उघडलं नाही. तिघंही माना खाली घालून बसलो होतो. सरपंचबाई रस्त्यानं चालल्या होत्या, त्या थबकल्या. पदर सावरून हळूच म्हणाल्या, “कोण गेलं वो?”

आप्पा घाईघाईनं म्हणाले, “कुणी न्हाई, कुणी न्हाई!”

टक्. टक्. दोन फेऱ्या!

* * *

बाबूभाईंचा नातू अयान पाच वर्षांचा आहे. बाप कंपनीत, म्हणून कारेगावला राहतात. खोल्यांच्या चाळीत शेजारीपाजारी सगळे यूपी-बिहारचे. पोरगं फाडफाड हिंदी बोलतं. बाबूभाईंच्या सात पिढ्या आमच्या गावात गेल्या. ते कपाळाला हात लावून म्हणाले, “आमच्या घराण्यात हिंदी बोलणारा ह्यो पहिलाच!”

‘ह्यो’ यादीत नव्हतं, म्हणून सुटले.

एकदा अयान बकरीची दोरी ओढत होता. “चल ना! अरे, चल ना यार!” बकरी ढिम्म. बाबूभाईंनी बसल्या जागेवरून नुसतं “चल गं ये!” म्हटलं आणि बकरी निघाली.

अयान बघतच राहिला. “दादा, इसको सिर्फ मराठी आती है क्या?”

महिनाअखेर कारेगावला परत जाताना तो बकरीच्या कानाशी जाऊन म्हणाला, “येतो गं ये.” बाबूभाईंनी चष्मा काढून पुसला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

* * *

आमच्याकडं उसात बिबट्या असतो. दिवस मावळायच्या आत पोरं घरात घ्यावी लागतात. रेयांशनं ही बातमी व्हिडिओ कॉलवर आईला दिली. तिकडं बंगलोरला तिचा चेहरा पांढराफटक.

“पण मम्मी, तो घरात येत नाही. आप्पा घोरतात ना! त्याला वाटतं, आत आधीच एक आहे.”

आप्पांनी फोन हातात घेऊन सुनेला धीर दिला. “काळजी करू नगं, पोरी. मी रोज घोरतो!”

* * *

आप्पांच्या विहिरीत पोरांना पोहायला शिकवायचं ठरलं. पाठीला रिकामे कॅन बांधले. इरानं आधी चौकशी केली.

“आबा, लाइफगार्ड कुठंय?”

“हे काय, आप्पा.”

“आप्पा, तुम्हाला पोहता येतं?”

“यायचं,” आप्पा म्हणाले.

मग चर्चा सुरू झाली. बाबूभाई म्हणाले, आधी दोरीचं माप घेऊ. मी म्हणालो, आधी पाणी किती खोल आहे ते बघू. आप्पा म्हणाले, विहीर माझी आहे. असा अर्धा तास गेला. पोरं कॅन बांधून उन्हात उभी!

तेवढ्यात मागून माझी बायको आली. काही न बोलता पदर खोचला आणि धप्पकन उडी! वर आली, केस मागं सारले आणि आरामात हात मारायला लागली. बेचाळीस वर्षांचा आमचा संसार. तिचं माहेर भीमेकाठचं, हे मला माहीत होतं. ती पोहते, हे माहीत नव्हतं. खरं सांगतो, मी कौतुकानं बघतच राहिलो.

“आजी, तू?” इरा किंचाळली.

“व्हय, मीच. सोडा एकेकाला खाली. आन् आबांना सांग, तोंड मिटा आन् टावेल आणा!”

हिचं कार्ड करायची हिंमत इराला शेवटपर्यंत झाली नाही.

* * *

तिसऱ्या आठवड्यात आप्पा शिरूरला डॉक्टरांकडं गेले. शुगर चक्क उतरलेली. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. “आप्पा, नवीन काय चालू केलंत? काढा वगैरे?”

“हाय म्हणतो.”

“काय?”

“हाय. म्हणलं की चालायलाच लागतं. दिवसाला तीस-चाळीस डाव होतंय.”

डॉक्टरांनी पुन्हा एकदा बीपी तपासलं.

* * *

कार्ड इराचंही होतं. नियम म्हणजे नियम, तो तिला पण लागू. पहिले चार दिवस ते कोरं राहिलं. पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की फेरी म्हणजे पळायला मिळतं! मग काय विचारता! बाकड्यावर उभी राहायची, “हाय! न्हाई! व्हय!” असं ओरडायची, स्वतःच टक् टक् टक् करायची आणि सुसाट सुटायची. मागून अयान, त्याच्या मागून रेशन. महिना सरता सरता तिच्या कार्डाची चाळण झाली.

एका सकाळी मला म्हणाली, “आबा, कवा जायचं वो मळ्यात?”

मी हबकलो. पोरगी माझ्यापेक्षा अस्सल बोलत होती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. दिवाळी हातची गेली, असं मी मनात धरून चाललो.

मग सगळा राग सुनेवर आला. मुलाला, संदीपला, फोन लावला. “तुझ्या बायकोला एवढं वावडं कशाचं हाय रं? तीबी दौंडकडचीच न्हवं का?”

संदीपनं आधी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “आबा, ती गावाकडून पुण्याला कॉलेजला आली ना, तेव्हा पहिल्याच दिवशी वर्गात उभी राहून म्हणाली, ‘सर, माझ्याकडं पुस्तक न्हाई.’ पुढं तीन वर्षं हॉस्टेलच्या पोरी तिला ‘न्हाई’ म्हणूनच हाक मारायच्या. ‘ए न्हाई, जेवायला येतेस का?’ लग्नाला चार वर्षं झाली, तेव्हा कुठं तिनं मला हे सांगितलं.”

माझा राग जागच्या जागी जिरला. नाव शीतल असताना तीन वर्षं ‘न्हाई’ला ओ द्यायची! महिन्याभरातला हा एकच किस्सा मी टाकीखाली सांगितला नाही.

* * *

मे महिन्याचा शेवटचा रविवार. शीतल इराला न्यायला आली. पोरगी टाकीखाली आहे म्हटल्यावर तिनं गाडी सरळ तिकडंच घेतली. इस्त्रीचा ड्रेस, हातात पर्स. आम्ही तिघं ताठ झालो. आप्पा उठून उभे राहिले.

“यावे, यावे! प्रवास सुखरूप झाला ना? आसन ग्रहण करावे!”

बाबूभाई म्हणाले, “यंदा उन्हाचा प्रकोप फार आहे.”

शीतल हसू दाबत बाकड्यावर बसली. उजव्या टोकाला. शुद्ध बोलायच्या नादात तिला सांगायचंच राहून गेलं.

“काय इरा, काय काय शिकलीस सुट्टीत?” तिनं विचारलं.

इरानं तोंड उघडलं. मी डोळे मिटून घेतले.

आणि वर पाइप गुरगुरला.

“आगं आय आय गं! भिजले की वो सगळी! कोण हाय रं तिकडं? मोटार बंद कर की, मुडद्या! कवाधरनं भरलीया टाकी, दिसंना व्हय तुला?”

आवाज थेट चहाच्या हॉटेलापर्यंत गेला. शिपाई हातातला कप तसाच टाकून पळत आला. मोटार बंद झाली.

मग शीतलच्या ध्यानात आलं. ओल्या केसांनी ती तशीच उभी राहिली. आम्ही तिघं जमिनीकडं बघत होतो.

इरानं वहीतून लग्नपत्रिकेचा एक कोरा तुकडा काढला. त्यावर ‘मम्मी’ लिहिलं. यादीवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, “आबा, ‘कवाधरनं’ धरायचं का?”

मी सुनेकडं न बघता मान हलवली.

टक्. टक्. टक्.

“मम्मी, तीन फेऱ्या.”

शीतलनं कार्ड हातात घेतलं. उजेडाकडं धरून तिन्ही भोकं बघितली. मग पर्स माझ्याकडं दिली, सँडल काढून बाकड्याखाली सारले आणि चालायला लागली. कुंपणाच्या कडेनं तिची ओली पावलं उमटत गेली. ती मोटारीच्या खोलीमागं दिसेनाशी झाली.

थोड्या वेळानं तिकडून आवाज आला, “आबा, लई मोठी हाय की वो टाकी!”

इरानं पंच उचलला.

टक्!