मोडलेला पाटा

कुरुळीच्या फाट्यावर ट्रकचे कमानपाटे, म्हणजे चाकांवर गाडीचं वजन झेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्या, दुरुस्त करणाऱ्या माणसाचं नाव मला माहीत नाही. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो. शिफ्ट सुटली की त्यांच्या दुकानासमोर चहा घेतो. काका फार बोलत नाहीत. प्रत्येक पाटा हातोडीनं वाजवतात, मान तिरपी करून ऐकतात आणि मगच गाडीला बसवतात.

मागच्या आठवड्यात हिंजवडीतला एक इंजिनिअर आजोबांच्या काळातली मोटार घेऊन आला. त्याला ती चार बोटं खाली बसवून हवी होती.

"रविवारी रॅली आहे, काका. पाटे गॅसनं तापवून वाकवा, लगेच होईल."

"तापवला की पोलादाचं पाणी उतरतं, राव. पाटा मेला मग."

तीन दिवस काकांनी पाटे थंडच ठोकून त्यांची कमान कमी केली. शनिवारी शेवटचा पाटा वाजवला आणि त्यांचा हात थांबला. आवाज बसका होता. रॉकेलनं पुसल्यावर केसाएवढी भेग दिसली.

इंजिनिअर काकुळतीला आला. "एका दिवसाचाच प्रश्न आहे, काका. हळू चालवीन."

"रविवार हाय, हे पाट्याला कुठं कळतंय?"

तरी तो विनवत राहिला. काकांनी पाटा शिकंजात आवळला, घण उचलला आणि दोन घावांत त्याचे दोन तुकडे केले.

"अहो, मोडला कशाला?"

"ठिवला असता तर तुमी आणखी तासभर असंच विनवलं असतं," काका घाम पुसत म्हणाले, "आन् मी बसवला असता."