मामांची अर्धी गोळी

आमच्या मामांना स्वस्थ बसलेलं भोकरदन तालुक्यात कुणी पाहिलेलं नाही. ते उभ्यानं जेवतात, फिरत फिरत दाढी करतात, आणि एसटीत जागा मिळाली तरी कंडक्टरच्या मागे हिंडतात. थंडीत घरचे गोधड्यांत गुरफटलेले असतात, मामांचा पंखा मात्र फुल. भाकरीची चवड संपवूनही अंगाला मांस नाही आणि डोळे असे बाहेर आलेले, की समोरच्याला वाटावं आपलंच काही चुकलं. मामी म्हणायची, "बसा की जरा. कोन पळवून न्हाई न्यायलं तुमाला."

शेवटी संभाजीनगरच्या एका दवाखान्यात निदान झालं. शरीराची राखण करणारी यंत्रणाच गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला डिवचत होती, म्हणून ती नको तितकं संप्रेरक बनवत होती. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. मी अडखळत सांगितलं. मामा म्हणाले, "म्हंजे घरचंच कुत्रं घरच्याला चावून राह्यलं."

त्याच आजारानं मामांना एकाचे दोन दिसू लागले होते. त्या राखणदार यंत्रणेला आवरणाऱ्या एका औषधावर त्याच दवाखान्यात संशोधन चालू होतं. मामांनी त्यात नाव घातलं आणि त्यांच्या नजरेसाठी आमची सारी आशा त्यावर होती. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसणार.

पुढच्या तपासणीत डॉक्टर मॅडमनी विचारलं, "गोळ्या नीट घेतल्या ना?"

"बराबर घेतल्या. अर्ध्या माझ्या, अर्ध्या मावशीच्या."

मावशी म्हणजे अंबडकडच्या एक बाई, त्याच आजाराच्या, त्याच संशोधनातल्या. बाकावर बसवत नसल्यानं मामा व्हरांड्यात फेऱ्या मारायचे, त्यात ओळख झालेली.

"एकाला खरी अन् एकाला खोटी, बरं दिसतं का ते?" मामा म्हणाले. "मंग आमी पाकिटं निम्मी निम्मी करून घेतली. डबा बी तसाच खाल्लता."

मॅडमना आधी हसू आलं, मग ते मावळलं. नियमानं दोघांनाही संशोधनातून वगळावं लागलं.

आता नेहमीच्या गोळ्यांनी मामांची धडधड उतरली आहे. डोळ्यांवर दुसरे उपचार चालू आहेत, पण एकाचे दोन अजून दिसतातच. हल्ली ते ओट्यावर बराच वेळ बसून राहतात आणि अस्वस्थ आम्ही होतो. परवा हळूच म्हणाले, "मावशीला तरी गुण आला असंल ना रे? दोन्हीतलं एक पाकीट तर खरं असंलच."

मी हो म्हणालो. दोन्ही पाकिटं बिनऔषधाची असू शकतात, हे मला अजून त्यांना सांगवलेलं नाही.