चौकटीतली ताई

दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तरुण पोरापोरींसाठी गाण्यांच्या व्हिडिओंचा कार्यक्रम टीव्हीवर थेट लागायचा. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट, आणि तिच्यात काळा सदरा घातलेली एक बाई. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ती गाण्याचे शब्द हातांच्या खुणांनी सांगायची. स्टुडिओत तिला सगळे चौकटीतली ताई म्हणत. बारा वर्षांत पठ्ठीने एक शनिवार चुकवला नाही. कार्यक्रमाच्या मॅडमचा नियम एकच: शब्द तेवढे सांगायचे, नुसती वाद्यं वाजू लागली की हात खाली. तोही तिने कधी मोडला नाही.

हे काम तिने धरलं ते धाकट्या भावापायी. तो जन्मापासून बहिरा. गॅरेजात मेकॅनिक होता, इंजिनावर तळहात टेकवून बिघाड सांगायचा. एका रविवारी भांडी पुसता पुसता त्याने फडकं खांद्यावर टाकलं आणि हातांनी विचारलं, "ताई, हे गाणारे सगळे मधेच शब्द विसरतात का गं?"

"कोण म्हणतं?"

"तूच तर थांबतेस! बारा वर्षं बघतोय. वाईट वाटतं बिचाऱ्यांचं."

ताईच्या पायाखालची जमीनच सरकली. अरे देवा! आपण याला आजवर अर्धंच गाणं दिलं, आणि हा भोळा सांब उरलेल्या अर्ध्यात गाणाऱ्यांची कीव करत बसला!

शनिवारी तिने मॅडमना गाठलं. "वाद्यंही सांगू द्या ना."

"छे! प्रेक्षकांचं लक्ष उडेल. आणि जमत नसेल तर सांगा, माझ्याकडे दुसऱ्या बाई आहेत."

कार्यक्रम सुरू झाला. तिसऱ्या गाण्याचं कडवं संपलं, ड्रम घुमू लागला. ताईचे हात सवयीने खाली निघाले. काम गेलं तर भावाचं ते अर्धं गाणंही जाणार होतं. तरी तिने हात उचलले. एका तळव्याने छातीवर ड्रमचा ठोका धरला, दुसऱ्या हाताची बोटं गिटारीबरोबर पळू लागली. बासरी आली तसा तो हात अलगद वर वर गेला. कॅमेरामन तोंड उघडं टाकून बघत राहिला. आत कंट्रोल रूममध्ये मॅडमचं बोट चौकट बंद करायच्या बटणावर होतं. गाणं संपलं तरी तिथेच होतं.

"दाबलं का नाहीत?" ताईने नंतर भीत भीत विचारलं.

"काय माहीत बाई! हे गाणं मी शंभरदा लावलंय, पण असं..." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या शनिवारी चौकट मोठी करू."

ती घरी आली तेव्हा भाऊ बंद टीव्हीसमोर उभा होता, डोळे डबडबलेले.

"एवढं सगळं असतं मधे?" त्याने हातांनी विचारलं.

तिने मान डोलावली.

"आणि तुम्हाला ते रोज ऐकू येतं?"

"हो रे."

त्याने बाहीने डोळे पुसले. मग म्हणाला, "ते वाजत असताना तुम्ही लोक गप्पा कसल्या मारता?"