वर कुणीतरी पाहिजे

वडलांना कॉम्प्युटरवरचा खेळ शिकवायची कल्पना माझीच, आणि माझ्या बहुतेक कल्पनांसारखी तीही दुसरंच काहीतरी टाळण्यासाठी निघालेली होती. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. तीन वर्षं सांगायची होती. दर रविवारी केडगावहून मोटरसायकलवर निघायचो, तिसगाव येईपर्यंत सगळी वाक्यं जुळवून व्हायची, आणि त्यांच्या खाटेजवळ बसलो की तोंडातून निघायचं, ‘जेवलात का दादा?’ तेही ओरडून.

ओरडून का, ते आधी सांगायला हवं. वडील विहिरी खोदायचे. सहा माणसांची टोळी आणि एक क्रेन. पाथर्डी तालुक्यात आपण खोदलेली विहीर नाही असं गाव दाखवा म्हणायचे, आणि त्यातल्या निम्म्या कोरड्या आहेत हेही स्वतःच सांगायचे. तीन वर्षांपूर्वी मी सुट्टीला घरी आलो होतो. टोळीतला काठावर उभा राहणारा गडी लग्नाला गेला होता, तेव्हा वडील म्हणाले, चार दिवस तू उभा राहा. काठावरच्याचं काम एकच असतं, खाली बघत राहायचं. क्रेन चालवणाऱ्याला विहिरीचा तळ दिसत नाही. भरलेली बादली वर येताना तिच्यातून दगड निसटला, तर काठावरच्यानं ‘डबर!’ म्हणून ओरडायचं आणि खालच्यानं भिंतीला चिकटायचं. याला अक्कल लागत नाही, फक्त जागेवर असावं लागतं.

माझा फोन वाजला. केडगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि एका गिऱ्हाईकाचं मशीन चालू होत नव्हतं. काठावर रेंज नव्हती म्हणून मी बाभळीखाली गेलो आणि त्याला बंद करून परत चालू करा असं सांगत बसलो. आमच्या धंद्यातलं बरंचसं ज्ञान एवढंच आहे. बाकीचे गडी चहाला वर आले होते, खाली वडील एकटे होते, आणि दगड निसटला तो त्यांच्या पाठीवर बसला. क्रेनवाला धावत आला. त्यानं विचारलं, ‘वरडला न्हाईस का?’ मी म्हणालो, ‘वरडलो की.’

एवढंच बोललो. पुढचं सगळं लोकांनी केलं. संध्याकाळी नगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत हकिगत पक्की झाली होती: पोरगं ओरडलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. जन्मभर सुरुंगाचे आवाज ऐकलेले कान, जाणारच की. डॉक्टर मणक्यात गुंतलेले, कान तपासायची आठवण कुणाला येणार? आई त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला लागली. महिन्याभरात शेजारपाजारचे ओरडायला लागले. भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेवर वाकून त्यांच्या कानात बोंबलायचा, आणि वडील गप्प बघत राहायचे. मला ऐकू येतं, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. कमरेखालचं अंग दगडानं नेलं, आणि कान मी नेले. मला स्वतःची शिसारी यायची, आणि तरी मीसुद्धा ओरडायचो. सगळे ओरडत असताना मी एकटाच हळू बोललो असतो तर आईला कळलं असतं.

तर खेळ. दुकानात एक जुना लॅपटॉप पडून होता, दुरुस्तीला टाकून गिऱ्हाईक परत आलंच नव्हतं. त्याच्यावर धड काही चालायचं नाही. चालला तो कॉलेजात असताना मी ज्याच्या नादी लागून एक वर्ष वाया घालवलं तो तळघरांचा खेळ. त्यात चित्रं नाहीत, नुसती अक्षरं आणि खुणा. ईमेलच्या पत्त्यात असतो तसला वेटोळ्यातला ए म्हणजे तुम्ही. टिंबं म्हणजे फरशी, रेघा म्हणजे भिंती. जिना उतरायचा, मजल्याखाली मजला, जितकं खाली तितकं वाईट. आणि माणूस मेला की मेला. पुन्हा खेळायचं तर नवा माणूस, नवं तळघर, पहिल्या मजल्यापासून. वडलांना टीव्ही आवडत नव्हता, हात शाबूत होते, आणि आयुष्य जमिनीखाली गेलेलं. मला वाटलं, जमेल.

त्यांच्यासाठी मी एक वही लिहिली. शाळा चौथीपर्यंत झालेली, म्हणून मोठ्या अक्षरात, एका पानावर एकच गोष्ट. शेजारी खूण काढायची आणि ती काय ते लिहायचं. अधिकचं चिन्ह म्हणजे दार. चांदणी म्हणजे दगड. इंग्रजी डी म्हणजे कुत्रं, आणि कोल्हंसुद्धा डीच, तेव्हा कोण चावतंय ते बघून ठरवा. अनोळखी बाटली पिऊ नका. शिळं मढं खाऊ नका, भूक लागली तरी. फारच जिवावर आलं तर देवाला हाक मारा, पण एकदाच, लगेच पुन्हा मारली तर तो चिडतो. हे वाचून वडील बऱ्याच दिवसांनी हसले. देवाचं खरं लिहिलंय म्हणाले.

खेळात निरनिराळ्या धंद्यांची माणसं घेता येतात. त्यांनी कुदळवाला घेतला, दुसरं कुणी बघितलंही नाही. आणि कुदळीनं थेट खाली खणता येतं हे कळल्यावर जिने शोधायचंच सोडलं. पहिल्याच रविवारी सहा मजले खाली गेले आणि सहाव्यावर काय चावलं ते कळायच्या आत मेले. मी वहीत नवं पान लिहिलं: घाई करून खाली जाऊ नका, वरच्या मजल्यांवर अंगात ताकद येऊ द्या. ते म्हणाले, विहीर वरच्या वर फिरून खोदत नसतात. एकदा बुटक्या खाणवाल्याला मारून लोखंडी बूट मिळाले, तर दर मजल्याला खणण्याआधी ते बूट काढून ठेवायला लागले. पायताण घालून विहिरीत उतरत नाहीत. बूट काढायला खेळात वेळ लागतो, तेवढ्यात मागून कुणीतरी येऊन फाडायचं. मेल्यावर पडद्यावर रेघारेघांचं थडगं उमटतं. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, मैलाचा दगड, किती मजले झाले ते लिहिलंय. खोटं बोलायला मला कधीच फार वेळ लागला नाही.

पण सगळ्यात मोठी चूक कुत्र्याची. सुरुवातीला सोबत एक कुत्रं मिळतं. नवख्यानं त्याच्यावर जगायचं असतं: ते तुमच्यापेक्षा बरं लढतं, आणि उतरताना शेजारी असेल तरच तुमच्याबरोबर खाली येतं. वहीच्या पहिल्याच पानावर मी हे लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. वडील ते पान बोट ठेवून वाचायचे, मान हलवायचे, आणि कुत्रं लांब गेलं की मगच खणायचे. मुद्दाम. दर वेळी एकटे खाली, दर वेळी दोनचार मजल्यांत खेळ खलास. मी एकदा वैतागून कानात ओरडून विचारलं की कुत्र्याला का टाकता. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

‘वर कुनीतरी पायजे का न्हाई,’ म्हणाले. ‘समदीच खाली गेल्यावर वर कोन?’

मी लॅपटॉप मिटला आणि केडगावला निघून आलो. पुढचे दोन रविवार गेलो नाही. दुकानात काम आहे असं आईला फोनवर सांगितलं. ती बिचारी म्हणाली, तब्येतीला जप.

तिसऱ्या रविवारी गेलो तेव्हा आई म्हणाली, ते सकाळपासून उशाला वही घेऊन बसलेत. दोन रविवारात त्यांचं अंग आणखी वाळलं होतं. पाठीला जखमा झाल्या होत्या. त्यांना सारखं कुशीवर वळवावं लागायचं, आणि आईला एकटीला ते झेपत नव्हतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन जे बोलले होते त्यात आशेचा शब्द नव्हता. वडलांना ते कुणी सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरजही नव्हती.

आम्ही खेळ लावला. नवा कुदळवाला, नवं कुत्रं. कुत्रं दुसऱ्या खोलीत गेल्यावर वडलांनी खणलं, उतरले, अंधाऱ्या बोळातून चार पावलं टाकली, आणि वरच्या ओळीत इंग्रजीत निरोप आला. इंग्रजी त्यांना येत नाही, निरोप मीच वाचून दाखवायचो. या खेळात जमिनीवर न दिसणारे सापळे असतात. निरोप असा होता की छतातलं झाकण उघडलं आणि तुमच्या डोक्यावर दगड पडला.

काय लिवलंय, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘साप चावला.’

ते पडद्याकडे बघत राहिले. मग बोट उचलून त्यांच्या माणसाशेजारी ठेवलं. तिथं एक चांदणी उमटली होती.

‘ह्यो दगड हाय,’ म्हणाले. ‘तूच लिवलंय वहीत.’

आई स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज येत होता. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला, कारण रडायचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता. मग मी सांगून टाकलं. मी ओरडलो नव्हतो. काठावर नव्हतोच. बाभळीखाली फोनवर होतो. मोटरसायकलवर तीन वर्षं जुळवलेल्या वाक्यांतलं एकही कामाला आलं नाही, मोडकंतोडकं जे निघालं ते निघालं. आणि हे सगळं मी साध्या आवाजात बोललो, खाली मान घालून, हे मला त्यांनी उत्तर दिल्यावर कळलं.

‘ठावं हाय मला,’ वडील म्हणाले.

कसं, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, तळातून वर बघितलं की आभाळाचा गोल दिसतो, आणि काठावरच्याचं डोकं त्या गोलात असतं. खालचा माणूस बादली वर धाडण्याआधी ते डोकं बघून घेतो. जन्मभराची सवय.

‘त्या दिशी गोल मोकळा हुता. बादली भरून झाली हुती, दोर वडला हुता. म्हनलं, आसंल हितंच, येईल आत्ता.’

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? बहिरे कशाला झालात? हे मी जवळजवळ भांडल्यासारखं विचारलं. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या, तोंडात मारली असती, तर मी पायांवर डोकं ठेवलं असतं. पण पायांना काही कळत नव्हतं, आणि ते रागावलेलेही नव्हते. नुसते दमले होते.

‘बोलून पाय येत्यात व्हय?’

मी म्हणालो, आजच आईला सांगतो. तेव्हा मात्र त्यांनी माझं मनगट धरलं. हातात कुदळीची ताकद अजून होती.

‘तिला न्हाई सांगायचं. तुला मोकळं व्हायचं हुतं, झालास हितं. आता गप ऱ्हायचं. मी किती दिवसाचा? मागं तिला तूच हायेस. तू बी गेलास तिच्या मनातनं, तर ती कुनाकडं बघंल?’

मी म्हणालो की मला हे जमणार नाही. ते म्हणाले, जमवायचं. माफ केलं असं ते बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. माझी सुटका करायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांना आईची सोय लावायची होती, आणि त्या कामावर त्यांनी मला उभं केलं होतं. मनगट सोडून त्यांनी पडद्याकडे मान फिरवली. त्यांचा माणूस अजून जिवंत होता, थोडी ताकद शिल्लक होती.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. दारातूनच तिनं ओरडून विचारलं की आत्ता घेता का नंतर. वडलांनी हळूच तिच्याकडे बघितलं, हात कानामागे नेला आणि म्हणाले, ‘आं?’

आईनं कप खाली ठेवला. कंबर धरून ती माझ्याकडे वळली. तूच विचार बाबा, म्हणाली, तुझं तेवढं ऐकू येतं त्यांना.

वडील माझ्याकडे बघत होते, हात अजून कानामागेच होता. मी वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो.