उपासाला चालणारी गोळी

सडा टाकून झाला होता, मी शेपू निवडत होते, तेव्हा नरसिंहपूरहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, ग्रीन टीची गोळी चालू केलीय. वजन उतरतं म्हणं. पण जेवायची वासनाच न्हाय."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. आमच्या ह्यांचंही आधी जेवणच सुटलं होतं. लिव्हर गेल्याचं नंतर कळलं.

तासाभरात बारामतीजवळच्या आमच्या सांगवीतून निघाले. बारामतीहून इंदापूरची एसटी डेपोतूनच धरा, पुढे जागा मिळत नाही. बायकांना अर्धं तिकीट. निमगाव केतकीचे पानमळे खिडकीतून बघण्यासारखे आहेत. शेजारच्या सीटवरच्या बाईला विचारलं, "ग्रीन टी पिता का?"

"बिनसाखरेचा? पावना रुसून जाईल की, मावशी!"

इंदापूर स्टँडवर गरम भजी खाल्ली. तिथून बावड्यामार्गे नरसिंहपूरला गाड्या कमी, परतीची वेळ आधीच विचारून ठेवा.

भीमा-नीरेच्या संगमावर, घाटाच्या पायऱ्यांवर वन्सं वाट बघत होत्या. गोळ्यांची डबी त्यांच्या पिशवीतच होती. वर ठळक अक्षरांत 'शंभर टक्के नैसर्गिक'. धोतराही नैसर्गिकच असतो.

"कधी घेता?"

"रोज सकाळी एक. शनवारी, एकादशीला दोन. चहाच्या पानाचीच हाय, अन्न न्हाय. उपासाला चालती. भूक बी मरती."

"उपाशीपोटी?"

"मग उपास म्हंजे काय, वहिनी?"

चहाच्या पानात कॅटेचिन नावाचं द्रव्य असतं. कपातून थोडं पोटात जातं, त्याचा गुण येतही असेल. पण गोळीत त्याचा दाट अर्क असतो. उपाशीपोटी तो रक्तात जास्त उतरतो आणि काहींच्या लिव्हरला इजा करतो, असं मी वाचलं होतं. तेही मी एका ठिकाणी वाचून खरं मानलं नव्हतं, चार ठिकाणी ताडून बघितलं.

वन्संना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "दादा गेल्यापास्नं तुमी पान्यावर बी संशय घेता."

मी त्यांची हनुवटी धरून तोंड उन्हाकडं फिरवलं. डोळ्यांच्या पांढऱ्यावर फिकट पिवळी झाक होती. तो रंग मला ओळखावा लागत नाही.

"लघवी कशी होतीय?"

त्या नदीकडं बघत हळूच म्हणाल्या, "काळ्या चहासारखी."

नरसिंहाच्या देवळात जायचं राहिलं. तुम्ही गेलात तर सकाळी जा, घाट मोकळा असतो. घरी येऊन हे लिहितेय, पण संगमाचं पाणी कसं होतं ते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या डोळ्यांकडंच बघत होते.

परतीची गाडी गेली होती, म्हणून रात्र वन्संच्याच घरी काढली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. वन्संचा उपास मोडून त्यांना मऊ भात भरवला, डबी माझ्या पिशवीत टाकली आणि पहिल्या एसटीनं त्यांना बारामतीच्या डॉक्टरांकडं नेलं.