काळं तेल

लढाईच्या दिवसांत मोटारीच्या तेलाची मारामार. आमच्या ह्यांनी नेवाशाच्या घरी, अंगणात मोटारीखाली शिरून इंजिनातलं जुनं तेल घमेल्यात काढलं. असलं काळं तेल शेजारचे भाऊजी बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून नेत. ह्यांनी मोटारीखालूनच "न्या" म्हटलं आणि भाऊजींनी नव्या तेलाचा डबाच उचलून नेला.

माझं डोकं फिरलं. "आता इंजिनात काय, गोडेतेल ओतताय?"

तेवढ्यात भाऊजी भरला डबा घेऊन परत आले, माझ्यापेक्षा तापलेले.

"वैनी, हे पिवळं पानी आमच्या गाडीला न्हाई चालायचं. आपलं काळंच द्या!"

मी घाईघाईनं घमेलं पुढं केलं. धुतलेल्या लुगड्यावर काळा ओघळ आला, तरी मला हसूच आवरेना.