आत्या एका जागी बसली

आमच्या आत्याच्या पायाला भिंगरी आहे, असं सगळेच म्हणतात. मी म्हणते, भिंगरी निदान फिरून फिरून आडवी तरी होते. आत्या चहा उभ्याने पिते, भाजी उभ्याने चिरते आणि जेवायला बसलीच, तर अर्ध्या घासावरून उठून गॅस बंद आहे का ते बघून येते. आत्तोबांचं, म्हणजे तिच्या यजमानांचं, लग्नापासून एकच मागणं: एकदा माझ्याबरोबर बसून जेव. ती हो हो म्हणते आणि भांडी आवरायला लागते. तेव्हा त्यांच्या ताटात अजून निम्मं जेवण असतं.

आम्ही दोघी एकाच रोपवाटिकेत कामाला. मी पॅकिंगला, दिवसभर स्टुलावर. आत्याकडे काचघरं: एक वांग्यांचं, गरम, दुसरं टोमॅटोच्या रोपांचं, थंड. दिवसभर तिचं या घरातून त्या घरात चालू असतं. बसून काम करणाऱ्यांची मला कीव येते, असं ती माझ्या तोंडावर म्हणते. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली भाची असले की हे ऐकून घ्यावं लागतं.

वांग्यांच्या घरात पांढरी माशी म्हणजे घरजावई. उबेत तिचं अंड्यातून पिल्लू आणि पिल्लातून माशी असं झपाट्याने चालतं; गारठ्यात तेच रेंगाळतं. पिवळा रंग दिसला की ही माशी तिकडे धावते, म्हणून तिथे पिवळी चिकट कार्डं टांगलेली असतात. टोमॅटोच्या थंड घरात मात्र एकही माशी दिसत नव्हती. आत्या ते येईल त्याला अभिमानाने दाखवायची.

थंडी लांबली आणि टोमॅटोची रोपं वाढेनात. आत्याला कसला धीर! कुणाला न विचारता तिने हीटर वाढवला. रोपांनी अंग धरलं, पण पानांखाली गारठून पडलेली अंडीपिल्लीही एकदम जागी झाली. एका सकाळी तिने रोपांवरून हात फिरवला आणि पीठ उडावं तशी माशी उडाली.

मालकीणबाई आवाज न चढवता बोलतात, त्याचीच भीती वाटते. त्या म्हणाल्या, "माशी आवरली नाही तर रोपं उपटून टाकू. आणि तुम्ही मग पॅकिंगला बसा."

मला आधी रागच आला. मी जिथे इतकी वर्षं बसते, ती जागा म्हणजे काय काळं पाणी? पण घरी जाताना आत्या पहिल्यांदाच माझ्या मागून चालत होती. तिचं फिरणं बंद झालं तर ती खंगत जाईल, असं मला खरोखर वाटलं.

माशी आलीच कुठून, यावरून तिने सगळ्यांना धारेवर धरलं. झडपा नीट लागत नाहीत, पाणी देणारा दार उघडं टाकतो, मीसुद्धा केसांतून आणते. दुसऱ्या दिवशी तिला बोलवायला मी वांग्यांच्या घरात गेले. आतल्या खुंटीवर तिचा स्वेटर लटकत होता. आत्तोबांनी हौसेने आणलेला, पिवळाधमक. गरम घरात शिरली की ती तो काढायची आणि थंड घरात जाताना पुन्हा चढवायची. आत्ता त्याच्या बाह्यांवर माश्या ओळीने बसल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं आमचं.

"आत्या," मी म्हटलं, "कार्ड तूच घालून फिरतेयस."

तिने स्वेटर खुंटीवरून काढला आणि पिशवीत कोंबून पिशवीचं तोंड बांधलं. मालकीणबाईंना तिने स्वतः जाऊन सगळं सांगितलं, हीटरसकट.

मग कीडतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी जाड पुठ्ठ्यांवरून मित्रकीटक आणले, तिळाहून बारीक. ते माशीच्या पिल्लांत अंडी घालतात आणि ती पिल्लं काळी पडतात. पण गारठ्यात हे कीटक माशीपेक्षाही सुस्तावतात आणि फार तापलं तर तग धरत नाहीत. बेताची ऊब राहिली, तरच ते माशीच्या पुढे जातात. म्हणजे कुणीतरी आत बसून हीटर आणि झडपा सांभाळायच्या, सारखं आतबाहेर करायचं नाही आणि औषध अजिबात मारायचं नाही, नाहीतर तेही मरतील.

"मला बसू द्या," आत्या म्हणाली. "मी हलणार नाही."

सगळे हसले. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझंच स्टूल आत पाठवलं.

काय ते दिवस! आत्या बसली, पण तिचे पाय बसेनात. तिच्या फेऱ्या आता माझ्याकडे होत्या आणि ती काचेआडून मला खुणा करायची: वांगी बघ, नळ बघ, ती बादली उचल. माश्या उडतच होत्या. एकदा तिने दार जेमतेम उघडलं आणि फवारणीचा पंप बाहेर सरकवला. हा माझ्यापासून लांब ने, म्हणाली, हात शिवशिवतायत. तिचे डोळे भरले होते.

दुपारी आत्तोबा डबा घेऊन आले. त्यांना आत घेता येईना. त्यांनी तिचा डबा दाराशी दिला, एक रिकामा क्रेट उपडा केला आणि काचेला गुडघे टेकवून आपला डबा उघडला. आत ती, बाहेर ते. रोज असंच चाललं. तिला शेवटच्या घासापर्यंत जेवताना आपण आत्ता कुठे पाहतोय, असं ते मला लाजत म्हणाले.

आणि मग पानांखाली काळे ठिपके दिसायला लागले. आधी थोडे, मग पानोपानी. कीडतज्ज्ञ बाईंनी भिंगातून पाहून मान डोलावली. रोपं वाचली. मालकीणबाई आत्याला म्हणाल्या, करा तुमच्या फेऱ्या सुरू, फक्त पिवळं काही घालू नका.

आत्या तीरासारखी सुटली. दारात पोहोचली तर बाहेर आत्तोबा नेहमीसारखे क्रेट उपडा करून डबा सोडत होते. ती थांबली. वांग्यांच्या घराकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन माझं स्टूल उचलून आणलं आणि त्यांच्या शेजारी ठेवून बसली.

"आटपा लवकर," ती म्हणाली. "मला कामं आहेत."

आत्तोबा मुद्दाम सावकाश जेवले. ती उठली नाही.